मॅडमच्या वडिलांचा सत्कार

न्यायाधीशाच्या बापानं कसं वागायचं, हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. शिकवत असते तर लक्ष्मणरावांनी या वयात जाऊन पहिल्या बाकावर बसायची तयारी दाखवली असती. कारण पिंपळे सौदागरला लेकीकडे राहायला आल्यापासून रोज त्यांचं काही ना काही चुकतच होतं.

शेजारच्या फ्लॅटमधून दिवाळीचा फराळ आला, यांनी हसतमुखानं ताट घेतलं, आणि संध्याकाळी लेकीनं, तनुजानं, ते तसंच्या तसं परत नेऊन दिलं. सोसायटीच्या चेअरमननी पोराच्या लग्नाची पत्रिका दिली, यांनी येतोच म्हणून शब्द दिला, तर तनुजा म्हणाली, "आप्पा, आपल्याला जाता येणार नाही." कामून, तर चेअरमनचा बिल्डरशी वाद चालू आहे आणि तो उद्या कुणाच्या कोर्टात येईल, काही सांगता येत नाही.

"अगं, मग माणसानं माणसाशी बोलायचंच न्हाई का?" लक्ष्मणराव एकदा चांगलेच तडकले.

"बोला की. खुशाल बोला. फक्त कुणाकडून काही घेऊ नका."

आता बघा, ज्या माणसाची सगळी नोकरी औशाच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली, ज्याच्या टेबलावर कुणी शेंगा ठेवायचं, कुणी हुरडा, कुणी नुसतंच येऊन घरचं रडगाणं गायचं, त्या माणसानं न घेता न देता बोलायचं तरी कसं? बायको गेल्यावर गावाकडचं घर खायला उठलं म्हणून ते लेकीकडं आले. इथं घर खायला उठत नव्हतं, पण इथल्या माणसांनीही विचारपूस करायची सोय नव्हती. तनुजा सकाळी कोर्टात जायची, ती संध्याकाळी फायलींचं गाठोडं घेऊनच यायची. कोर्टातलं एक अक्षर ती घरात काढत नसे. जेवताना बाप-लेक भाजीवर बोलायचे, हवापाण्यावर बोलायचे, आणि ते संपलं की गप्प बसायचे.

तरी लेकीचा अभिमान त्यांना पोटभर होता. तो मात्र कुणाला दाखवायचा नाही, अशी तिची सक्त ताकीद. "कुणी विचारलं तर मुलगी सरकारी नोकरीत आहे म्हणा," ती सांगायची. लक्ष्मणराव तसं म्हणायचेही. मग दोन वाक्यांनंतर हळूच जोडायचे, "म्हणजे कोर्टात आहे. म्हणजे तशी न्यायाधीश आहे." काय करता! पोटात राहीना.

सोसायटीमागच्या बागेत त्यांना एकच सोबती मिळाला होता, धर्माजी. मूळ गावातला शेतकरी. त्याच्या ज्वारीच्या रानात आता टोलेजंग इमारती उभ्या होत्या, आणि तो रोज सकाळी त्यांच्याकडे बघत बाकावर बसायचा. बोलायला मोकळा, मनानं साधा. बागेत जमणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक ज्येष्ठ नागरिक संघ होता, त्याचा तो खजिनदार.

"लक्षुमणराव, तुमाला पंच्याहत्तर लागली न्हवं का?" एके दिवशी तो म्हणाला. "मंग आता सत्कार. आमच्या संघात पंच्याहत्तरी झाली की शाल, नारळ, फेटा. समद्यांचा करतो आमी, तुमाला काय निराळं न्हाई."

लक्ष्मणराव बाकावर सरसावून बसले. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांचे निरोप समारंभ पार पाडले होते. हार आणा, खुर्च्या मांडा, माईक तपासा, भाषण लिहून द्या. आणि स्वतः निवृत्त झाले त्या दिवशी डेपो मॅनेजर रजेवर! कुणाच्या लक्षातही आलं नाही. डबा धुतला, पिशवीत टाकला आणि घरी आले. बायकोनं ओवाळलं तेवढंच. तेव्हापासून ते मनात कुठंतरी सलत होतं, पण हे बोलायचं कुणाला?

"पाहुणा कोण असतोय?" त्यांनी उगाच विचारलं.

"सुरजदादा. दुसरं कोण असणार? मांडव त्येचा, जेवान त्येचं."

सुरजदादा म्हणजे इथला माजी नगरसेवक. येत्या निवडणुकीत आणखी वर जायच्या तयारीत असलेला, आणि थेट मंत्र्यांच्या गाडीत बसणारा. चौकाचौकांत हात जोडून उभा असायचा, फ्लेक्सवर. लक्ष्मणरावांना त्यात वावगं काही वाटलं नाही. तनुजाला विचारलं असतं तर तिनं नाही म्हटलं असतं, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी विचारलं नाही. आयुष्यात एक गोष्ट, एकच, आपली स्वतःची असावी. त्यात कोर्ट नको आणि कचेरी नको. एवढी काय मोठी मागणी होती?

सत्कार झकास झाला. डोक्यावर फेटा बांधला, खांद्यावर शाल आली, सुरजदादा पायाला हात लावून पाया पडला. लक्ष्मणराव माईकवर बोलायला उभे राहिले ते थांबेचनात. औशाचा स्टँड, पुरात अडकलेली गाडी, बसमध्ये बाळंत झालेली बाई, सगळं सांगितलं. म्हातारे हसले, टाळ्या पडल्या. घरी येऊन त्यांनी शाल कपाटात खालच्या कप्प्यात धोतरांखाली सारली आणि तनुजासाठी कुकर लावला. त्या रात्री त्यांना फार दिवसांनी गाढ झोप लागली.

पुढच्या आठवड्यात बुधवारी सकाळी ते फिरायला निघाले आणि चौकात थबकले.

सिग्नलच्या वर दुमजली घराएवढा फ्लेक्स लागला होता. डाव्या हाताला सुरजदादा, नेहमीसारखे हात जोडून. उजव्या हाताला फेटा बांधलेले लक्ष्मणराव, तोंड पसरून हसणारे, आणि त्यांच्या खांद्यावर शाल घालणारे दादांचे दोन हात. खाली ठसठशीत अक्षरं: 'आपल्या शहराच्या मा. न्यायाधीश तनुजा मॅडम यांचे पूज्य पिताश्री यांचा सुरजदादांच्या शुभहस्ते हृद्य सत्कार.' खाली मित्रमंडळाच्या पोरांचे फोटो आणि त्यांची नावं. एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर लक्ष्मणरावांचं नाव कुठंच नव्हतं.

त्यांनी दोनदा वाचलं. मग भर रस्त्यात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा त्यांना रागही आला. आधी वाटलं ते अपमानाचं. म्हणजे तो सत्कार आपला नव्हताच! तो स्टँड, ती गाडी, ती बाळंतीण, कुणाला काही देणंघेणं नव्हतं त्याचं. आणि त्यानंतर, जरा उशिरानं, तनुजा आठवली. तिचा कोर्टाचा रस्ता याच चौकातून जात होता.

बागेत जाऊन ते बाकावर बसले. धर्माजी अजून आला नव्हता, पण थोड्या वेळात सुरजदादा स्वतः चालत आला. मागे ना पोरं, ना गाडी. एकटा आला आणि शेजारी बसला.

"काका, आधी माफी मागतो," तो म्हणाला. "पोरांनी परस्पर फ्लेक्स लावला. मला सकाळी कळलं. लगेच काढायला सांगितलाय, दोन दिवसांत उतरेल. एक कोर्टासमोर पण लावलाय म्हणे, मूर्ख आहेत."

"कोर्टासमोर?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"हो ना. आणि त्यात माझं दुर्दैव बघा, आमच्या फर्मची एक केस मॅडमसमोरच चालू आहे. आपल्या इथल्या चिखलीची जागा. मला खरंच कल्पना नव्हती, वकील बघतात सगळं. आता लोक काय म्हणतील? बापाचा सत्कार केला आणि लेकीनं निकाल दिला. मला कोण विचारतो हो, आम्ही राजकारणातली माणसं, आमच्या अंगाला शिव्या चिकटत नाहीत. पण मॅडमचं नाव स्वच्छ आहे. माझा जीव तुटतो."

"मग काय करायचं आता?"

"काही नाही. मॅडमनी ती केस सोडून द्यावी. ही केस मला नको असं म्हणायचं, दुसऱ्या कोर्टाकडे पाठवायचं. न्यायाधीश करतात तसं. निकाल माझ्या बाजूनं द्या असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. फक्त सोडा. तुमच्या तोंडून गेलं तर त्यांना पटेल." मग तो उठला, आणि उठता उठता म्हणाला, "वर लोक फार चौकशा करतात, काका. या वयात तुम्हाला लेकीबरोबर आणखी कुठं लांब, गडचिरोलीबिडचिरोलीला जायला लागू नये एवढंच वाटतं. बाकी तुमचा आशीर्वाद असू द्या."

लक्ष्मणरावांना खरं सांगायचं तर हायसं वाटलं. गडचिरोलीचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं, पण त्यांनी ते झटकलं. माणूस पैसे मागत नव्हता, निकाल मागत नव्हता. सोडून द्या म्हणत होता. यात वाईट काय? उलट लेकीची बदनामी वाचत होती. आपण केलेली घाण आपणच निस्तरायची संधी आली, असं त्यांना वाटलं. दिवसभर ते घरात येरझाऱ्या घालत ते वाक्य घोटवत राहिले.

संध्याकाळी तनुजा आली. चपला काढल्या, हातपाय धुतले आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. चेहरा ओढलेला होता.

"शाल कुठंय, आप्पा?"

त्यांनी मुकाट्यानं कपाटातून काढून दिली. तिनं तिला हातही लावला नाही.

"मला एकदा विचारायचं तरी होतंत."

"तू न्हाईच म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते." ती मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "चांगला झाला का?"

"काय?"

"सत्कार."

लक्ष्मणरावांना एकदम भडभडून आलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. आणि त्या भरात, लेकीसाठी काहीतरी करावं या उमाळ्यात, त्यांनी घोटवलेलं वाक्य बोलून टाकलं.

"तने, माझं ऐक. तू ती चिखलीची केस सोडून दे. लोक बोलायलेत. तुझं नाव खराब व्हायला नको. दुसऱ्या कोर्टाकडं देऊन टाक आन् मोकळी हो."

तनुजानं त्यांच्याकडे पाहिलं. आपलं काय चुकलं ते त्यांना अजून कळलं नव्हतं, पण फार मोठं काहीतरी चुकलं एवढं त्या नजरेवरून कळलं.

"कुठली चिखलीची केस?" ती सावकाश म्हणाली. "मी घरात कधी चिखलीचं नाव काढलंय?"

लक्ष्मणराव शालीची घडी सारखी करू लागले.

"आप्पा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तो स्वतःच आला होता. बागेत. पण तो काही मागत न्हाई गं! सोडा म्हणतोय फक्त."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडत नव्हती. जरा वेळानं हात काढून म्हणाली, "त्याला तेवढंच हवंय. दोन्ही बाजूंचं ऐकून झालंय माझ्यासमोर, फक्त हुकूम राहिलाय. तोवर आहे तसं ठेवा, कुणी काही पाडू नका, असा 'जैसे थे' मी दिलाय, तो उद्यापर्यंत आहे. मी केस सोडली की फाइल फिरत बसणार. नवे साहेब पहिल्यापासून ऐकणार. आणि दरम्यान 'जैसे थे' संपलेला. परवा सकाळी तिथं जेसीबी जाईल, आप्पा, आणि मग पुढं ऐकायला काही उरणारच नाही."

"मग तो वाढवून दे आन् सोड."

"सोडते म्हणायचं आणि जाताजाता हुकूमही द्यायचा, ते वरच्या कोर्टात एक दिवस टिकणार नाही." ती उठून खिडकीशी गेली. "गेले दोन महिने मला निरोप येतायत. ओळखीचे वकील येतात, बदलीच्या गोष्टी बोलतात. कुणी म्हणतं मंत्रीसाहेब नाराज आहेत. मी सगळे दारातून परत पाठवले. एक तुम्ही राहिला होतात. त्यानं बरोबर तुम्हालाच धरलं."

"मला काय ठाऊक त्याच्या मनात काय हाय ते!" लक्ष्मणराव ओरडले. राग तिच्यावर नव्हता, पण निघाला तिच्यावरच. "मी काय कोर्टातला हाय? कुणाकडं जायचं न्हाई, कुणाचं घ्यायचं न्हाई, कुत्र्यासारखं दारात बसून राहायचं! एकदा कुणीतरी शाल घातली तर मी घेतली. चुकलो, जा!"

"चुकलात," ती म्हणाली. "आणि मी पण चुकले, तुम्हाला इतकं एकटं ठेवलं. पण आता ते बोलून उपयोग नाही. उद्या मला हे उघड्या कोर्टात सांगावं लागेल. निरोप आला, कुणाचा आला, कुणामार्फत आला. तुमचं नाव घ्यावं लागेल."

"बापाचं नाव? चारचौघांत?"

"मी नाही घेतलं तर तो घेईल. त्याला हवं तेव्हा, त्याला हवं तसं."

लक्ष्मणराव तसेच आपल्या खोलीत गेले. त्या रात्री बाप-लेक जेवले नाहीत. कुणी कुणाला जेव म्हणालंही नाही, आणि या घरात असं पहिल्यांदाच घडत होतं.

सकाळी तनुजा निघून गेल्यावर ते बागेत गेले नाहीत, पण धर्माजीच दारात आला. आत यायला तयार नव्हता. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "लक्षुमणराव, आईची आन घेऊन सांगतो, मला ठावं न्हवतं. तुमाला फेटा बांधायचा एवढंच मला ठावं. आज बागंत समदे त्येच बोलत्यात."

"चिखलीत काय हाय, धर्माजी? खरं सांगा."

"शेडं हायती. लेथ मशिनी, वेल्डिंग. कंपन्यांचं सुटं काम करत्यात लोकं. शौकत म्हणून हाय एक, त्येच्या बापापासून भाड्यानं हाय तिथं. दादाच्या फर्मनं जागा घेतली म्हणत्यात आन् आता म्हणत्यात, ऊठ. शौकत कोर्टात गेला. दोन-चारशे माणसांची चूल हाय त्या शेडांवर. आन् आता त्येंनी बी फ्लेक्स बघितला न्हवं का. ते म्हणत्यात, झालं, मॅडम गेल्या दादाच्या खिशात."

लक्ष्मणरावांनी टोपी घातली. "दार लावतो," म्हणाले. "मला जायचंय."

कोर्टात ते आजवर कधी गेले नव्हते. तिनंच येऊ नका म्हणून सांगितलेलं. बस पकडून गेले, विचारत विचारत खोली शोधली आणि अगदी मागच्या बाकावर, एका जाड्या माणसाच्या आडोशाला बसले. समोर उंचावर काळ्या कोटात लेक बसली होती. तिनं त्यांना पाहिलं नाही. घरी असते त्याहून ती लहान दिसत होती, का कोण जाणे.

शिपायानं पुकारा केला. शौकतचं नाव आलं तसा पन्नाशीचा एक माणूस पुढे झाला. सदऱ्याची गळ्यापर्यंत लावलेली बटणं, नखांत मुरलेलं काळं ऑइल. त्याची वकील अंजली म्हणून एक तरुण बाई होती, तिच्या हातात एक अर्ज होता आणि ती तो द्यावा की न द्यावा अशी उभी होती. शौकत वर बघत होता, पण त्या बघण्यात आशा नव्हती. सावकाराकडे बघावं तसं तो न्यायाधीशाकडे बघत होता. आणि हे आपल्यामुळे, असं वाटून लक्ष्मणरावांना बाकात रुतून जावंसं वाटलं.

"हुकूम देण्याआधी एक गोष्ट नोंदवायची आहे," तनुजा म्हणाली आणि स्टेनोला सांगू लागली. आवाज सपाट होता. "शहरात लागलेला फ्लेक्स दोन्ही बाजूंनी पाहिला असेल. त्याखेरीज, काल संध्याकाळी प्रतिवादीच्या वतीनं, हे प्रकरण मी सोडावं असा निरोप माझ्यापर्यंत पोचवण्यात आला. तो निरोप..."

ती थांबली. समोरच्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तो निरोप माझ्या एका नातेवाइकामार्फत आला."

मागच्या बाकावर लक्ष्मणराव सुन्न झाले. एक नातेवाईक! काल खिडकीशी उभी राहून बापाचं नाव घेईन म्हणणारी लेक, कायद्याची एवढी कडक, आणि ऐन वेळी तिच्यानं झालं नाही. बापाला झाकलं तिनं. भर कोर्टात, सगळ्यांच्या देखत, झाकलं.

दादांचा वकील तयारच होता. तो नम्रपणे उभा राहिला. "मॅडम, आरोप गंभीर आहे. कोण नातेवाईक? केव्हा, कुठे? नाव नसेल तर माझ्या अशिलाची नाहक बदनामी होते. आणि असं काही घडलं असेल, तर मग न्यायालयानं हे प्रकरण ऐकू नये, हेच योग्य." बोलून तो किंचित हसला. त्याला वाटलं, पोरगी आता अडकली.

लक्ष्मणराव उठले. शिपाई धावला, "बाबा, बसा, बसा खाली."

"नातेवाईक कशाला म्हणायलात, मॅडम," ते म्हणाले. "बाप आहे मी. निरोप मी आणला."

सगळं कोर्ट मागे वळलं. तनुजाचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणभर लक्ष्मणरावांना वाटलं, आता ही 'आप्पा' म्हणेल आणि सगळा घोटाळा होईल. पण ती तसं म्हणाली नाही.

"पुढे या," ती म्हणाली. ते पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. "पूर्ण नाव सांगा."

"लक्ष्मण दगडू बिडवे."

"या न्यायालयाच्या न्यायाधीशांशी नातं?"

"वडील."

"काय घडलं ते सांगा."

त्यांनी सांगितलं. सत्काराची हौस, लेकीपासून लपवलेली शाल, बागेतला बाक, सुरजदादाचा शब्दन्‌ शब्द, गडचिरोलीसकट. लाज वाटत होती, कान तापले होते, पण बोलताना एकदाही अडखळले नाहीत. स्टेनो लिहीत होती. वकिलाचं हसू कुठंच्या कुठं गेलं होतं.

"आणखी काही?" तिनं विचारलं.

माफी मागायची म्हणून त्यांनी बसमध्ये चार वाक्यं जुळवली होती. पण ती लेकीसाठी होती, आणि समोर लेक नव्हती. "न्हाई, मॅडम," ते म्हणाले आणि खाली उतरले.

तनुजानं अंजलीला विचारलं, "हे ऐकल्यावर, मी हुकूम द्यायला तुमच्या पक्षकाराची हरकत आहे का?"

अंजली शौकतकडे वळली. शौकतनं मागे वळून लक्ष्मणरावांकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, मग म्हणाला, "नाही. काही हरकत नाही." अंजलीनं हातातला, कोर्ट बदलून मागणारा तो अर्ज घडी करून फायलीत ठेवला.

"प्रतिवादीची हरकत मी फेटाळते," तनुजा म्हणाली. "न्यायाधीशाच्या घरी निरोप पाठवायचा आणि मग निरोप आला म्हणून न्यायाधीश बदला म्हणायचं, हे चालू दिलं, तर या जिल्ह्यात ज्याला जे कोर्ट नको त्यानं ते हटवावं. घडल्या प्रकाराचा अहवाल आजच वरिष्ठांकडे जाईल." मग तिनं हुकूम वाचला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत शेडांना कुणी हात लावायचा नाही. वाचून झाल्यावर तिनं पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. एकदाही तिनं मागच्या बाकाकडे बघितलं नाही, आणि लक्ष्मणरावांना त्याचं वाईट वाटलं नाही.

ते बाहेर आले. कोर्टासमोरचा फ्लेक्स तसाच होता, त्याखाली एक चहाची टपरी होती, आणि तिथं ते नुसतेच उभे राहिले. अंग हलकं झालं होतं, त्याच वेळी कुणीतरी बदडून काढल्यासारखं ठणकतही होतं. आता बदली होईल का तिची? होईलही. खरंच लांब कुठंतरी टाकतील. आज आपण तिला वाचवलं की बुडवलं, हे त्यांना ठरवता येईना.

तेवढ्यात शौकत आला. दोन्ही हातांत चहाचे ग्लास. चेहऱ्यावर उजेड. एक ग्लास त्यानं पुढे केला.

"चाचा, घ्या. आज तुम्ही जे केलंत ना..."

वेलची घातलेल्या चहाचा वास नाकात गेला. कालपासून पोटात अन्न नव्हतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी लक्ष्मणरावांसाठी म्हणून, त्यांच्या स्वतःच्या कामासाठी, काहीतरी घेऊन आलं होतं. त्यांचा हात उचललाही गेला होता. तो त्यांनी मागे घेतला.

"नको."

शौकतचा चेहरा बघता बघता विझला. "ठीक आहे, चाचा," तो हलकेच म्हणाला आणि हात खाली घेतला. "सवय आहे."

काय समजला हा? लक्ष्मणरावांना कळायला क्षण लागला, आणि कळलं तसं त्यांच्या काळजात चर्र झालं. "अरे देवा, तसं न्हाई हो! शौकतभाई, तसं मनात पण आणू नका. तुमच्या हातचं मी जेवीन. पण तुमची केस माझ्या लेकीपुढं हाय. एक शाल घेतली तर काय झालं, बघितलंत ना? तुमचा चहा घेतला की उद्या तो वकील म्हणंल, बघा, म्हातारा यांच्यात मिसळलेला हाय. केस संपू द्या. मग मी स्वतः तुमच्या घरी येतो. चहा पितो, जेवतो, रात्री मुक्काम करतो म्हणा ना!"

शौकत हसला, पण डोळे भरले होते. "चाचा, आजचा तर नुसता स्टे आहे. खरा दावा आता सुरू होणार. वीस-पंचवीस वर्षं कुठं गेली नाहीत. तुमचं वय काय?"

"पंच्याहत्तर."

रस्त्यावरून कंपनीच्या बसा जात होत्या. मग लक्ष्मणरावांना आठवलं आणि ते घाईनं म्हणाले, "तसं दुसरं एक होऊ शकतंय. त्यांनी माझ्या लेकीची बदली केली, तर तुमची केस तिच्याकडं राहणार न्हाई. मग मला लगेच येता येईल."

शौकतनं हातातल्या ग्लासाकडे बघितलं, मग कोर्टाच्या दाराकडे बघितलं.

"मग नका येऊ, चाचा," तो म्हणाला. "कधीच नका येऊ."